आजारी पाळीव पक्ष्यासाठी तज्ज्ञ पशुवैद्यकाची निवड

शहरांप्रमाणेच आता गावांतील घरांतही बजरीगर, कॉकटेल, लव्हबर्ड असे पिंजऱ्यातील पक्षी दिसू लागले आहेत. त्यामुळे कृषी विस्तार कार्यकर्त्यापुढे एक नवा प्रश्न येतो : "पक्ष्याला कीड लागली आहे, काय फवारावे?" पिकाच्या बाबतीत रास्त असलेला हा प्रश्न पक्ष्याच्या बाबतीत घातक ठरू शकतो. कीड ओळखण्यास कीटकशास्त्राची मदत होते. उपचार मात्र पक्ष्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकानेच करावयाचे असतात.

आजाराची लक्षणे

निसर्गात दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याचे भक्ष्य ठरतो. त्यामुळे पक्षी आपला आजार शक्य तितका काळ लपवितात. लक्षणे स्पष्ट दिसू लागतात तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. पिसे फुगवून बसणे, दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी राहणे, श्वासागणिक शेपटी वरखाली होणे, चोच उघडी ठेवून श्वास घेणे, विष्ठेचा रंग वा प्रमाण बदलणे आणि छातीच्या मधले हाड हाताला टोचू लागणे ही गंभीर लक्षणे होत. अशा वेळी "दोन दिवस वाट पाहू" हे धोरण परवडत नाही. बजरीगरचे वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम असते. इतक्या लहान शरीरात अन्नाचा साठा अल्प असतो आणि एक दिवसाची उपासमारही जिवावर बेतू शकते.

कीड कोणती, हे आधी ठरवावे

पिसे गळाली की दोष किडीला दिला जातो. एकट्या पाळलेल्या पोपटवर्गीय पक्ष्यात पिसे उपटण्यामागे मात्र असंतुलित आहार, संसर्ग, यकृताचे विकार किंवा एकटेपणाचा ताण ही कारणे अनेकदा असतात. प्रत्यक्ष कीड असल्यास तिचे तीन प्रकार प्रामुख्याने आढळतात.

• पिसांवरील उवा : या सर्व काळ पक्ष्याच्या अंगावरच राहतात आणि पिसांना अंडी चिकटवितात.

• लाल कोळी (डर्मॅनिसस गॅलिनी) : हा रात्री रक्त शोषतो आणि दिवसा पिंजऱ्याच्या फटींत दडतो. अनुकूल हवामानात त्याचे जीवनचक्र सात ते दहा दिवसांत पूर्ण होते. रात्री पिंजऱ्यावर पांढरे कापड टाकावे. सकाळी त्यावर लालसर ठिपके हलताना दिसल्यास त्याचे अस्तित्व समजते. कोंबड्यांच्या खुराड्यातून तो शेजारच्या पिंजऱ्यात सहज पोहोचतो.

• खवल्या कोळी (नेमिडोकॉप्टिस) : हा त्वचेत बिळे करतो. बजरीगरच्या चोचीच्या मुळाशी मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र खपली दिसते. उपचार न झाल्यास चोच कायमची वाकडी होते.

मात्रेचे गणित

खवल्या कोळ्यावर पशुवैद्यक बहुधा आयव्हरमेक्टिन वापरतात. त्याची प्रचलित मात्रा किलोग्रॅम वजनामागे सुमारे ०.२ मिलिग्रॅम आहे. म्हणजे ३५ ग्रॅमच्या पक्ष्यास ०.००७ मिलिग्रॅम औषध पुरते. जनावरांसाठी मिळणाऱ्या १ टक्का द्रावणाच्या एका थेंबात (सुमारे ०.०५ मिलिलिटर) मात्र ०.५ मिलिग्रॅम औषध असते. गोठ्यातील बाटलीतला "फक्त एक थेंब" हा या पक्ष्यासाठी योग्य मात्रेच्या जवळजवळ ७० पट होतो. म्हणूनच ग्रॅममध्ये वजन करणे आणि औषध योग्य प्रमाणात विरल करणे हे प्रशिक्षित हाताचे काम आहे.

पिकावरील कीटकनाशके तर पक्ष्याच्या अंगावर किंवा पिंजऱ्यात कधीही वापरू नयेत. ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट गटांतील कीटकनाशके मज्जासंस्थेतील कोलिनेस्टरेज हे विकर निष्प्रभ करतात आणि सस्तन प्राण्यांच्या तुलनेत पक्षी त्यांना अधिक संवेदनशील असतात. शिवाय वायुकोशांमुळे पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने, अत्यंत कार्यक्षमतेने वाहते. ही कार्यक्षमता विषारी धुराच्या बाबतीत त्यांच्यावर उलटते. अतितप्त नॉनस्टिक भांड्याचा धूर माणसाला जाणवण्यापूर्वीच पक्ष्याचा प्राण घेऊ शकतो.

जनावरांना मानवणारे औषध पक्ष्यांना मानवेलच असे नाही, हा धडा देशाने मोठी किंमत देऊन घेतला आहे. वेदनाशामक डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांची कलेवरे खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि त्यांची संख्या कोसळली. त्यानंतर २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.

दिल्ली परिसराचे उदाहरण

पक्ष्यांच्या उपचारातही विशेषज्ञतेची किती गरज असते, हे राजधानीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. लाल किल्ल्यासमोर, चांदणी चौकातील दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. पंख्याचे पाते लागलेली, मांज्याने कापलेली कबुतरे तेथे मोठ्या संख्येने येतात आणि उपचार विनामूल्य होतात. या रुग्णालयाचा भर शाकाहारी पक्ष्यांवर आहे. घारींसारख्या मांसाहारी पक्ष्यांची शुश्रूषा नदीम शहजाद व मोहम्मद सौद या बंधूंनी वजिराबाद भागात सुरू केली. त्यांच्या कार्यावरील "ऑल दॅट ब्रीद्स" हा माहितीपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. घारीची तुटलेली पंखनस आणि कॉकटेलच्या श्वसनमार्गाचा संसर्ग हे दोन भिन्न विषय आहेत. त्यामुळे "पक्ष्यांचे रुग्णालय" एवढ्या नावावर न थांबता, आपल्या जातीच्या पक्ष्यावर तेथे उपचार होतात का, हे आधी विचारणे इष्ट. गुरुग्राम, नोएडा वा फरिदाबादहून दिल्लीत पोहोचण्यात दोन तास सहज जातात. तेवढा वेळ अत्यवस्थ पक्ष्याकडे नसतो.

महाराष्ट्रातील पालकांनी आपल्या भागातील पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी प्रथम संपर्क साधावा. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथे अशी महाविद्यालये आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी पक्षितज्ज्ञ नसल्यास स्थानिक नोंदणीकृत पशुवैद्यकाने दूरध्वनीवरून तज्ज्ञाचा सल्ला घेऊन उपचार करणे, हा स्वतः औषध देण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित मार्ग आहे.

पशुवैद्यक निवडताना विचारावयाचे प्रश्न

१. आठवड्यात साधारण किती पाळीव पक्षी तपासले जातात?
२. ग्रॅममध्ये वजन करणारा काटा व विष्ठा आणि त्वचेची खरवड तपासण्यासाठी सूक्ष्मदर्शक आहे का?
३. पक्ष्यांना श्वासावाटे भूल देण्याची सोय आहे का?
४. रात्री वा सुटीच्या दिवशी कोठे संपर्क साधावा?

हे प्रश्न पक्षी निरोगी असतानाच विचारून ठेवावेत.

नेताना घ्यावयाची काळजी

हवेशीर लहान खोक्यात पक्ष्यास ठेवावे, वरून कापड टाकून अंधार करावा आणि ऊब (सुमारे ३० अंश सेल्सिअस) द्यावी. तळाचा कागद ताज्या विष्ठेसह सोबत न्यावा. श्वासोच्छ्वासाचे मोबाइल चित्रण करावे. घरात किंवा शेतात नुकतीच फवारणी झाली असल्यास त्या कीटकनाशकाचे लेबल अवश्य न्यावे. विषबाधेचा उतारा त्यावरून ठरतो. चोचीत बळेच पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

पक्ष्यापलीकडचा धोका

पोपटवर्गीय पक्ष्यांतील क्लॅमिडिया सिटॅसी हा जिवाणू माणसालाही बाधतो. पक्षी आजारी असताना घरात कोणास ताप व खोकला आल्यास डॉक्टरांना पक्ष्याची माहिती द्यावी. एकाच वेळी अनेक पक्षी अचानक मेल्यास मात्र त्यांना दवाखान्यात नेऊ नये. हात न लावता पशुसंवर्धन विभागास कळवावे. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आणि जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीतील कावळे व बदकांत बर्ड फ्लू आढळला होता, हे विसरता येत नाही.

भारतीय पोपट पाळण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मनाई आहे. जखमी वन्य पक्षी सापडल्यास वन विभागास कळवावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

किडीचा नमुना चिकटपट्टीवर घेऊन ओळख पटविण्यास साहाय्य करणे, पिंजरा गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळविण्यास सांगणे आणि पक्षितज्ज्ञ पशुवैद्यकाचा क्रमांक देणे, ही तीन कामे कार्यकर्त्याने करावीत. औषधाचे नाव व मात्रा सांगण्याचे टाळावे. आपल्या तालुक्यासाठी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या नोंदणीकृत पशुवैद्यकांची यादी तयार करून ती दरवर्षी अद्ययावत ठेवल्यास फवारणीचा सल्ला मागण्यास आलेला पालक वेळेत योग्य ठिकाणी पोहोचेल.