जिप्सीला ताकद हवी : मोठं इंजिन की टर्बो?

प्रश्न : माझ्याकडे २००८ सालची पेट्रोल मारुती जिप्सी आहे, १.३ लिटरची. सुट्टीच्या दिवशी आम्ही मित्र डोंगरातल्या कच्च्या वाटांवर गाड्या घेऊन जातो. ३१ इंची टायर टाकल्यापासून गाडी चढाला ओढत नाही, दगडांतून जाताना क्लच करपल्याचा वास येतो. एक मिस्त्री म्हणतो, मोठं इंजिन टाका. दुसरा म्हणतो, आहे त्याच इंजिनाला टर्बो बसवा. पुढेमागे लडाखला जायचंही मनात आहे. काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दुखणं कुठून सुरू झालं ते तुम्हीच लिहिलं आहे : ‘टायर टाकल्यापासून’. म्हणून आधी टायरचा हिशेब करू, इंजिनाकडे मग वळू.

जिप्सीचा मूळ टायर २०५/७० आर १५, म्हणजे उंचीला सुमारे २६ इंच. तुमचा ३१ इंची टायर त्याहून साधारण १८ टक्के मोठा आहे. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते आणि जमिनीवर पडणारा जोर त्याच प्रमाणात घटतो. लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये जिप्सीचं इंजिन सुमारे ३२ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. मोठ्या टायरमुळे हे ३२ पट बळ जेमतेम २७ पटीवर येतं. इंजिन मिनिटाला १००० फेरे घेत असताना मूळ टायरवर गाडी ताशी ४ किलोमीटरच्या आत चालायची, आता ती साडेचारच्या वर पळते. दगडांवर एवढा वेग जास्त होतो. तो आवरायला तुम्ही अर्धा क्लच दाबून ठेवता, आणि क्लच करपतो.

यावरचा पहिला उपाय म्हणजे टायर मूळ मापाच्या जवळ आणणं. दुसरा, ट्रान्सफर केसचे गिअर बदलणं. जिप्सीच्या लो रेंजचं प्रमाण २.२६८ आहे. सुझुकीच्या याच घराण्यातल्या ट्रान्सफर केससाठी परदेशात ४.१६ प्रमाणाचे गिअर मिळतात. ते बसवले तर ३२ ऐवजी ५९ पट बळ मिळतं, आणि ३१ इंची टायरचा तोटा वजा करूनही ५० च्या आसपास उरतं. इंजिनाचा एक बोल्टही न खोलता खडकाळ चढावरचा जोर मूळ गाडीपेक्षा दीडपट होतो.

गिअरने जोर वाढतो, पण अश्वशक्ती तेवढीच राहते. चिखलातून, वाळूतून किंवा लांबलचक चढावरून वेग राखून जायचं असेल तर इंजिनातच दम हवा. तुमचा प्रश्न खरा तिथे सुरू होतो.

या इंजिनाची ताकद ८० अश्वशक्ती आणि टॉर्क १०३ न्यूटन-मीटर, पण तो टॉर्क मिळतो ४५०० फेऱ्यांना. दगडांतून जाताना इंजिन १००० ते २००० फेऱ्यांत चालतं. त्यामुळे कोणताही बदल आधी या खालच्या पट्ट्यात तपासायचा. जाहिरातीतली कमाल अश्वशक्ती इथे उपयोगाची नाही.

या कसोटीवर मोठं इंजिन सरस ठरतं. जुन्या मारुती बलेनोचं १५९० सीसीचं इंजिन तुमच्या १२९८ सीसीच्याच घराण्यातलं. क्षमता २२ टक्क्यांनी जास्त, आणि ती अगदी कमी फेऱ्यांपासून हाताशी असते. अमेरिकेत सुझुकी सामुराईचे मालक वर्षानुवर्षं याच घराण्यातलं १.६ लिटरचं इंजिन बसवत आले आहेत, कारण गिअरबॉक्सला जुळणारी बोल्टांची रचना तीच आहे. मात्र बलेनोत ते आडवं बसतं आणि जिप्सीत उभं. त्यामुळे माउंटिंग, मॅनिफोल्ड, सायलेन्सरचा पाइप आणि वायरिंगचं काम निघतंच.

दुसऱ्या कंपनीचं जड डिझेल इंजिन मात्र जिप्सीत टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सॉफ्ट टॉप जिप्सीचं वजन हजार किलोच्या आत आहे आणि चिखलात तोच तिचा सर्वांत मोठा गुण. पुढच्या अ‍ॅक्सलवर वजन चढवलं की तो गुण जातो. शिवाय डिझेलचा टॉर्क मूळ गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल शाफ्टला पेलेलच असं नाही.

आता टर्बो. तो फिरतो एक्झॉस्टच्या वायूवर. १५०० फेऱ्यांना हा वायू थोडाच असतो. दगडाच्या पायरीवर तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम उसळी येते आणि चाक जागीच फिरू लागतं. सुपरचार्जर पट्ट्यावर चालतो, म्हणून खालच्या फेऱ्यांतही हवा दाबतो. पण त्याला फिरवायला इंजिनाचीच थोडी शक्ती खर्ची पडते.

दोघांचा समाईक शत्रू म्हणजे उष्णता. ३५ अंशांची हवा अर्ध्या बारने जास्त दाबली, तर सगळं आदर्श धरूनही ती ७० अंशांच्या पुढे तापते, प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. गरम हवेने पेट्रोल इंजिनात नॉकिंग होतं. ते चालू राहिलं तर पिस्टन आणि हेड गॅस्केट धोक्यात येतात. इंटरकूलर लावला तरी त्याला वारा हवा. ताशी ५ किलोमीटरने चढताना, जाळीवर चिखल थापलेला असताना, तो वारा मिळत नाही. मूळ ईसीयूही टर्बो नसलेल्या इंजिनासाठी बांधलेला आहे, म्हणजे इंधनाचं गणित नव्याने बसवावं लागतं.

डिझेल इंजिनात आधी फक्त हवा दाबली जाते, म्हणून पेट्रोलसारखं नॉकिंगचं भय नसतं. २०१० मध्ये आलेल्या महिंद्रा थार सीआरडीईचं अडीच लिटरचं टर्बो इंजिन १८०० फेऱ्यांच्या आसपासच २४७ न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. पण तिथे पिस्टनपासून रेडिएटरपर्यंत सगळं कारखान्यातच एकमेकांना जुळवलेलं होतं.

लडाखला मात्र टर्बोचं पारडं जड होतं. महाबळेश्वरच्या उंचीवर साध्या इंजिनाची शक्ती साधारण १५ टक्के घटते, ती निभावून नेता येते. खारदुंग ला सुमारे ५३५९ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा, म्हणून तुमच्या ८० अश्वशक्तीतल्या ४० च्या आसपास उरतील. १.६ लिटरचं इंजिनही निम्म्यावर येईल. टर्बो यातली बरीच घट भरून काढतो. तरीही एका सहलीसाठी तो बसवू नका. भारतीय लष्कराने साध्या इंजिनाच्या जिप्सी डोंगराळ सीमाभागात वर्षानुवर्षं चालवल्या आहेत. सामान कमी ठेवा, योग्य गिअर धरा, गाडी पोहोचते.

राहिला कायदा, आणि रस्त्यावरच्या गाडीसाठी शेवटचा शब्द त्याचाच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. कायद्याबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी बोट ठेवेल ते वेगळंच. तुमच्या गाडीला १५ वर्षं झाली आहेत, म्हणजे फेरनोंदणीच्या तपासणीत इंजिन क्रमांक पाहिला जाणार. टायरच्या मापावरही हरकत येऊ शकते.

तेव्हा माझा सल्ला असा. आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या. झिजलेल्या इंजिनावर टर्बोचा खर्च म्हणजे पैसा पाण्यात. मग टायर लहान करा किंवा आरटीओत विचारून ट्रान्सफर केसचे गिअर बदला. गोव्यात पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांसाठी वेगळी, ट्रेलरवरून न्यायची गाडी बांधणार असाल, तर तिच्यात १.६ लिटरचं इंजिन टाका. पेट्रोल जिप्सीला टर्बो मी सुचवणार नाही. आणि रस्त्यावर चालवायच्या गाडीच्या इंजिनाला आरटीओची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय पाना लावू देऊ नका, मिस्त्री कितीही खात्री देवो.