राखणीचे मोल : आक्रमणाकडून बचावाकडे

मैदानावरील टाळ्या कोणाच्या वाट्याला याव्यात, याची एक रीत ठरून गेली आहे. कबड्डीत एका चढाईत तीन गडी टिपणारा सर्वांच्या लक्षात राहतो. फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात झळकते. कोपऱ्यात उभा राहून प्रतिपक्षाच्या चढाईपटूला रिकाम्या हाताने परत पाठवणाऱ्याची आठवण मात्र सामना हरल्यावर तेवढी निघते. त्यामुळे मार्गदर्शकाने एखाद्या खेळाडूला आघाडीवरून काढून बचावात उभे केले, की त्याला स्वतःला आणि पुष्कळदा त्याच्या पालकांनाही तो कमीपणा वाटतो. शाळा सोडून महाविद्यालयात जाणाऱ्या खेळाडूवर ही वेळ हमखास येते. गावच्या संघातील पहिला चढाईपटू महाविद्यालयाच्या निवड चाचणीत पाचवा-सहावा ठरतो आणि त्याला कोपरा राखायला सांगितले जाते. या बदलाचा अर्थ काय, त्यात नव्याने काय शिकावे लागते आणि धम्माच्या दृष्टीने त्याकडे कसे पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एक उदाहरण

गोव्याचा फुटबॉलपटू मंदार राव देसाई याची वाटचाल या संदर्भात अभ्यासण्यासारखी आहे. 1992 साली जन्मलेला हा खेळाडू धेंपो क्लबकडून पुढे आला आणि 2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा झिको यांच्या मार्गदर्शनाखालील एफसी गोवा संघात दाखल झाला. त्याची जागा डाव्या बगलेवर, आघाडीत होती. वेगाने चेंडू पुढे नेणे आणि गोलासमोर पोहोचवणे हे त्याचे काम. 2017 साली सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांच्या काळात मंदार त्याच डाव्या बाजूला, पण मागे, बचावफळीत खेळू लागला.

आघाडीवर असताना भारतीय संघाचे दार त्याला उघडले नव्हते. ते उघडले 2019 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी आणि बचावपटू म्हणून. त्याच वर्षी 10 सप्टेंबर रोजी दोहा येथे विश्वचषक पात्रता फेरीत भारताने आशियाई विजेत्या कतारला त्यांच्याच मैदानावर शून्य-शून्य असे रोखले. त्या सामन्यात डावी बाजू मंदारकडे होती. भारतीय फुटबॉलच्या अलीकडच्या इतिहासातील हा एक अभिमानाचा दिवस, आणि त्या दिवशी आपल्या संघाने एकही गोल केलेला नव्हता. पुढे मंदार मुंबई सिटी संघात गेला आणि 2020-21 च्या हंगामात साखळी फेरीतील अव्वल स्थान व विजेतेपद ही दोन्ही मिळवणाऱ्या त्या संघाचा घटक ठरला.

कबड्डीतही असे दिसते. पुणेरी पलटणकडूनही खेळलेला मनजीत छिल्लर आरंभीच्या हंगामांत चढाई आणि पकड दोन्ही करीत असे. पुढे त्याच्या चढाया कमी होत गेल्या व बचाव हेच त्याचे मुख्य काम झाले. प्रो कबड्डीत पकडींचे तीनशेहून अधिक गुण त्याच्या नावावर आहेत, ही त्या बदलाची कमाई होय.

दोन कामांतील भेद

आक्रमक आणि बचावपटू यांच्यातील खरा भेद वेळेचा आहे. चढाईपटूच्या हाती तीस सेकंद असतात. त्या अवधीत केव्हा झेप घ्यायची, केव्हा मागे फिरायचे, हे तोच ठरवतो. बचावपटूला दुसऱ्याने ठरवलेल्या क्षणाची वाट पाहावी लागते. म्हणून आघाडीवरून मागे आलेल्या खेळाडूची पहिली चूक बहुधा घाईची असते. चढाईपटू पाय पुढे टाकतो, तो पाय केवळ आमिष असतो, आणि नवखा कोपरारक्षक त्यावर झेपावून बाद होतो. फुटबॉलमध्ये हेच घडते. बगलेवर धावण्याची सवय असलेला खेळाडू चेंडू दिसताच पाय घालतो आणि प्रतिस्पर्धी त्याला चकवून मोकळ्या जागेत शिरतो. चेंडू आणि आपला गोल यांच्यामध्ये राहणे, अंग तिरके ठेवणे, समोरच्याला बाहेरच्या रेषेकडे ढकलत नेणे आणि सहकारी परत येईपर्यंत त्याला खोळंबून ठेवणे, हे त्याला नव्याने शिकावे लागते.

दुसरा भेद चुकीच्या किमतीचा आहे. चढाईपटू रिकामा परतला, तरी सहसा संघाचे लगेच काही जात नाही. आजच्या स्पर्धात्मक कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यानंतरची तिसरी तेवढी निर्णायक असते. आघाडीपटूचा फटका हुकला, तर पुन्हा संधी येते. बचावपटूची चूक मात्र थेट प्रतिपक्षाच्या गुणफलकावर उमटते.

तिसरा भेद सोबतीचा आहे. चढाई एकट्याची असते. पकड साखळीची असते. कोपऱ्याने घोटा धरला आणि शेजारचा मध्यरक्षक अर्धा क्षण थबकला, तर ती पकड सुटते. तीन किंवा त्याहून कमी गडी मैदानात उरले असता यशस्वी पकड केली, तर एक गुण अधिक मिळतो. कमी माणसांनी एकजुटीने उभे राहण्याची ही कदर खेळाच्या नियमांतच आहे.

या तीन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात, परंतु आधीचे शिकलेले वाया जात नाही. ज्याने स्वतः चढाया केल्या आहेत, त्याला चढाईपटूच्या खांद्यावरून त्याचा पुढचा बेत ओळखता येतो. बगलेवरून धावलेल्या खेळाडूला समोरच्याचा वेग कोठे मंदावेल हे कळते. आक्रमणाचा अनुभव ही बचावाची शिदोरी ठरते.

सम्यक व्यायामाची दृष्टी

अष्टांगिक मार्गातील सहावे अंग सम्यक व्यायाम. येथे व्यायाम म्हणजे प्रयत्न. तथागतांनी हे प्रयत्न चार सांगितले आहेत. न उपजलेले अकुशल उपजू न देणे, हा संवर. उपजलेले अकुशल दूर सारणे, हे पहान. न उपजलेले कुशल निर्माण करणे, ही भावना. निर्माण झालेले कुशल सांभाळणे व वाढवणे, हे अनुरक्खण. यांतील पहिला आणि चौथा प्रयत्न राखणीचा आहे. उंबरठ्यावर सावध उभे राहणे आणि मिळवलेले हातचे जाऊ न देणे, यांना तथागतांनी निम्मे स्थान दिले आहे, हे आपण ध्यानात घ्यावे.

आपल्या लोटे परिसरातील कामगारांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. रासायनिक कारखान्यात सुरक्षेची जबाबदारी सांभाळणाऱ्याचा उत्तम दिवस तो, ज्या दिवशी काहीच घडत नाही. त्या दिवसाची बातमी होत नाही. मात्र संध्याकाळी पाळीवरची सर्व माणसे सुखरूप घरी पोहोचतात.

महाडचा धडा

लोट्याहून महामार्गाने उत्तरेला निघून कशेडी घाट ओलांडला, की पोलादपूर व पुढे महाड लागते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथील चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले. तो दिवस आपण दरवर्षी स्मरतो. परंतु त्यापुढची हकीकत कमी सांगितली जाते. त्याच वर्षी डिसेंबरात विरोधकांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेब व त्यांचे सहकारी प्रतिवादी झाले. कायद्याचा मान राखून त्यांनी तळ्यावर पुन्हा जाणे स्थगित केले आणि लढा न्यायालयात नेला. तळे केवळ आपल्यापुरते राखण्याची अनादी वहिवाट विरोधकांना सिद्ध करता आली नाही आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने दिला.

हक्क बजावण्यास एक दिवस लागला. तो हक्क राखण्यास सुमारे दहा वर्षे लागली. दोन्हींत तोच पुरुष होता. पुढे होऊन पाणी घेणारा आणि कागदपत्रे घेऊन चिकाटीने बचाव लढवणारा, असे त्याचे दोन भाग करता येत नाहीत.

आपल्या शाळेच्या पहिल्या पिढ्यांनी घराबाहेर पाऊल टाकले, वसतिगृहात राहून शिक्षण मिळवले. ती चढाई होती. आज त्यांच्यातील अनेकांवर राखणीचे काम आले आहे. धाकट्या भावंडांचे शिक्षण मध्येच सुटू न देणे, घरात व्यसन शिरू न देणे, संस्थेची वास्तू व तिचा लौकिक जपणे, ही कामे टाळ्यांची नाहीत. ती झाली नाहीत, तर मात्र एका पिढीने मिळवलेले दुसऱ्या पिढीत निसटते.

तेव्हा मार्गदर्शकांनी जागा बदलण्यास सांगितले, तर विद्यार्थ्यांनी प्रथम कारण विचारावे, मग एक पूर्ण हंगाम ती जागा प्रामाणिकपणे शिकावी. पालकांनीही घरी आलेल्या मुलाला आज किती गुण केलेस एवढेच न विचारता, आज किती वाचवलेस, हेही विचारावे.

मननासाठी प्रश्न

1. चार सम्यक प्रयत्नांपैकी आपल्या दिनचर्येत कोणता सर्वांत दुर्लक्षित आहे?
2. आपल्या घरात किंवा गावात राखणीचे काम कोण करते? त्याची दखल आपण कधी घेतली?
3. पूर्वीच्या कामातील कोणते कौशल्य नव्या जबाबदारीत आपल्या उपयोगी पडेल?