बेडसे येथील चैत्यगृह : रचना आणि प्रतीके

पौड परिसरात लेणी म्हटले की लोकांच्या तोंडी पहिले नाव कार्ल्याचे येते, दुसरे भाज्याचे. बेडसे मात्र बहुधा राहून जाते. वास्तविक पौडहून कोळवण, जवण, तिकोना पेठ असे करीत पवनानगरला गेले आणि तेथून कामशेतच्या रस्त्याला लागले की बेडसे गाव येते. गावामागच्या डोंगरात सुमारे चारशे पायऱ्या चढल्यावर लेणी आहेत. लेण्यांचे तोंड पूर्वेला असल्याने सकाळी जावे. त्या वेळी ऊन थेट आतल्या दालनापर्यंत पोचते.

तेथे गेलेले आपले विद्यार्थी हमखास एक प्रश्न विचारतात, "मूर्ती कुठे आहे?" प्रश्न योग्य आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तेव्हापासून आपल्या भागात विहार म्हणजे बुद्धमूर्ती असेच चित्र डोळ्यांसमोर असते. बेडशाचे चैत्यगृह इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातले समजले जाते. त्या काळी बुद्धाची मानवी रूपातील मूर्ती करण्याची प्रथा आपल्याकडे नव्हती. मूर्ती नाही म्हणून वास्तू रिकामी मात्र नाही. मूर्तीने जे सांगायचे ते येथे भिंत, खांब, कमान आणि स्तूप यांनी सांगितले आहे. ते वाचता येत नसेल, तर माणूस पाच मिनिटांत बाहेर येतो आणि "पांडवांनी एका रात्रीत कोरले" ही ऐकीव गोष्टच घरी घेऊन जातो.

आधी रचना पाहू. पायऱ्या संपल्यावर समोर चैत्यगृह दिसत नाही, दिसतो तो न फोडता ठेवलेला उंच कातळ. त्यातून काढलेल्या अरुंद बोळातून पुढे गेले की एकदम चार प्रचंड स्तंभ समोर येतात. मधले दोन मोकळे आहेत, कडेचे दोन भिंतीत अर्धे गुंतलेले. उंची सुमारे २५ फूट. खाली घट, त्यावर अष्टकोनी खांब, वर उलट्या कमळासारखे शीर्ष आणि त्याच्याही वर घोडे, बैल, हत्ती यांच्यावर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. कार्ल्याचे शिल्प अधिक भव्य आहे हे मान्य. तरीही या चार खांबांवरच्या जनावरांचा जिवंतपणा मला कार्ल्यापेक्षा सरस वाटतो.

खांबाच्या तळाशी घट का, याचा उलगडा लाकडात आहे, असे अभ्यासक सांगतात. लाकडी खांब जमिनीत रोवला तर त्याला वाळवी लागते, म्हणून तो भांड्यात उभा करीत. दगडाला वाळवीचे भय नाही. तरी कारागिराने घट कोरलाच, कारण खांब म्हटला की तो तसाच असतो, हे त्याच्या हाताला ठाऊक होते. पुढे तोच पूर्णघट समृद्धीचे चिन्ह म्हणून सर्वत्र दिसतो. आधी उपयोग आणि मागाहून अर्थ, हा क्रम लक्षात ठेवला तर पुढचे सोपे जाते.

दर्शनी भागावरची घोड्याच्या नालाच्या आकाराची मोठी कमान म्हणजे लाकडी, गोल छपराच्या घराचे तोंड. बिहारमधील बराबर टेकडीवर लोमस ऋषी नावाची मौर्यकालीन गुंफा आहे, तिच्या दारावर हीच कमान लाकडी वाशांच्या टोकांसह दगडात उतरवली आहे. बेडशाला तिच्या लहान आवृत्त्या भिंतभर कोरल्या आहेत आणि त्यांच्या जोडीला आडव्या-उभ्या पट्ट्यांची नक्षी आहे. ही नक्षी म्हणजे वेदिका, म्हणजेच कुंपण. स्तूपाभोवती लाकडी कठडा घालून पवित्र जागा वेगळी राखीत, त्याची ही खूण. पुढे सारी भिंतच कठड्याच्या नक्षीने भरली. येथून आतली जागा वेगळी, एवढे ती सांगते.

आत लांबट दालन आहे, त्याचे मागचे टोक अर्धगोल. दोन्ही बाजूंना साध्या अष्टकोनी खांबांच्या रांगा आहेत आणि त्या स्तूपाला मागून वळसा घालतात. खांब किंचित आत कललेले आहेत. भाजे हे बेडशाच्या आधीचे, तेथे हा कल चांगलाच जाणवतो. कार्ले नंतरचे, तेथे खांब सरळ उभे आहेत. लाकडी इमारतीत गोल छपराचा रेटा सोसण्यासाठी खांब आत कलते ठेवावे लागत. कातळात कोरलेल्या छपराला खांबाच्या आधाराची गरजच नाही. ही गोष्ट कारागिरांच्या हळूहळू ध्यानात येत गेली असावी. कार्ल्याला एका लेखात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने द्वाराचे काम केल्याचे म्हटले आहे. दगडाच्या कामावर सुताराचे नाव! याहून बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही.

भाजे व कार्ले येथे छताला खऱ्या लाकडी कमानी आजही आहेत, बेडशाच्या नाहीशा झाल्या. येथे रंगीत चित्रांचे अवशेषही होते. १८६१ च्या सुमारापर्यंत साहेब पाहायला येणार म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनी लेण्याची रंगरंगोटी करवली, आणि त्या स्वच्छतेत दोन हजार वर्षांपूर्वीच्या चित्रांच्या खुणा गेल्या. आज खांबावर खिळ्याने नाव कोरणारा तरुण त्याच जातीचे काम करतो. फक्त त्याला वरून हुकूम नसतो.

आता स्तूप. खालचा गोल चौथरा म्हणजे मेधी, त्यावरचा घुमट म्हणजे अंड, घुमटावर चौकोनी हर्मिका, तिच्यातून वर जाणारा दांडा म्हणजे यष्टी आणि त्यावर छत्र. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर अस्थींचे आठ भाग करून त्यांवर स्तूप बांधले गेले. तेव्हापासून स्तूप हे महापरिनिर्वाणाचे चिन्ह आहे. छत्र हा राजाचा मान, तो येथे राज्य सोडून गेलेल्या पुरुषाला दिलेला आहे. कातळातून कोरलेला स्तूप भरीव असतो, त्यात अस्थी असतातच असे नाही. काही खांबांवर चक्र, कमळ अशी चिन्हे आहेत. चक्र हे सारनाथच्या धम्मचक्रप्रवर्तनाचे चिन्ह.

पण या वास्तूचा खरा अर्थ उभे राहून कळत नाही, त्यासाठी चालावे लागते. डावीकडच्या मार्गिकेने आत जावे, स्तूप उजव्या हाताला ठेवून मागून वळावे आणि दुसऱ्या मार्गिकेने परत यावे. मागची भिंत अर्धगोल का आणि खांब भिंतीपासून सुटे का, हे त्या वेळी आपोआप समजते. प्रदक्षिणा आधी ठरली आणि इमारत तिच्याभोवती उभी राहिली. आपल्या सहलीत बहुतेक जण स्तूपासमोर फोटो काढून परततात. म्हणजे अर्धे चैत्यगृह पाहायचे राहते.

हे कोणाच्या पैशाने झाले? व्हरांड्यातील एका खोलीच्या दारावर नाव आहे, नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक. पाण्याच्या टाक्यावरचा लेख सामडिनिका या महारठिनीच्या दानाचा आहे. ती महाभोजाची कन्या व आपदेवणकाची पत्नी होती. व्यापारी आणि स्त्रिया आपले दान आपल्या नावाने नोंदवीत होत्या. दान टिकावे याची सोयही त्या काळी होती. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. वर्षाचे व्याज २४० होते, आणि लेखात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी १२ द्यावेत असे आहे. हिशेब चोख जुळतो. मुद्दल कधी मोडायचे नाही, म्हणून त्याला अक्षयनीवी म्हणत. बँकेत उभा जन्म काढणाऱ्या माझ्यासारख्याला हा लेख वाचून फार आपुलकी वाटली.

चैत्यगृहाच्या शेजारचा विहारही पाहावा. एरवी विहार चौकोनी असतो, येथील विहार चैत्यगृहासारखा मागे अर्धगोल आणि वर गोल छताचा असून भोवती भिक्षूंच्या खोल्या आहेत. असा विहार क्वचितच आढळतो. आणि जवळच्या एका छोट्या स्तूपाकडे दुर्लक्ष करू नये. तेथील लेखानुसार तो गोभूती नावाच्या स्थविराचा आहे. हा स्थविर अरण्यात राही आणि भिक्षेवर जगे. स्तूप करवला त्याचा शिष्य आषाढमित्र याने. शेजारी श्रेष्ठीपुत्राचे एवढे मोठे दालन असताना या शिष्याने दोनच गोष्टी कोरून ठेवल्या, आपले गुरू कसे राहत आणि आपण त्यांचे शिष्य.