किल्लीवाल्यांना परवाना हवा की ओळखपत्र?

जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमच्या परिचयाच्या एका किराणा दुकानदाराच्या घरी घडलेली ही गोष्ट आहे. लोखंडी कपाटाची किल्ली हरवली होती. दारावरून ‘चावी बनवायची का चावी’ अशी हाळी देत दोघे जण चालले होते, त्यांना घरातल्या बायकांनी आत घेतले. एकाने थोडे तेल मागितले, दुसऱ्याने किल्ली तापवायला गॅस पेटवून मागितला. किल्ली कुलपातच अडकली. ‘आता हात लावू नका, उद्या हत्यार घेऊन येतो,’ असे सांगून दोघे निघून गेले, ते परत आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी बाजारातला कारागीर बोलावून कपाट उघडले, तेव्हा आतल्या खणातले दागिने गेलेले होते.

अशा फसवणुकीच्या बातम्या राज्यभरातून अधूनमधून येतात. पद्धत जवळजवळ ठरलेली असते. पण आज आम्हाला लिहावयाचे आहे ते पुढच्या प्रकाराविषयी. चौकशीला प्रथम कोणाला बोलावले? ज्याने कपाट उघडून दिले त्या बाजारातल्या कारागिराला! वीस वर्षे एकाच कोपऱ्यावर बसणारा माणूस, पण तो कोण आणि कोठे काम करतो हे दाखविणारा कागदाचा एक चिटोराही त्याच्याजवळ नव्हता. तीन दिवस त्याचा धंदा बुडाला, आणि गावात नाव झाले ते वेगळेच. चोर दोघे होते, पण डाग साऱ्या धंद्याला लागला.

आमच्या जिल्ह्याची गंमत अशी की, नेवासे तालुक्यातील शनि शिंगणापूर हे घरांना दारे-कुलपे नसलेले गाव म्हणून देशभर ओळखले जाते. २०११ साली युको बँकेने तेथे ‘बिनकुलपाची’ म्हणून शाखा उघडली, तेव्हा मोठी चर्चा झाली. पण २०१५ साली त्या गावातही पोलीस ठाणे आले. नगर, श्रीरामपूर, संगमनेरच्या बाजारपेठेत तर कुलपावाचून एक रात्र निघत नाही. कुलूप आले की किल्लीवाला आला.

मग त्याला सरकारी परवाना सक्तीचा करावा काय? परदेशात काही ठिकाणी तसे आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया, टेक्सास, इलिनॉय या राज्यांत परवान्याशिवाय कुलूप उघडण्याचा धंदा करता येत नाही. तेथे फसवणूक वेगळ्या तऱ्हेची चालते. जाहिरातीत अगदी थोडा दर सांगायचा, दारात आल्यावर ‘हे कुलूप उघडणारच नाही’ म्हणून त्याला ड्रिलने भोक पाडायचे आणि नव्या कुलपासह कैकपट बिल हातात ठेवायचे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात आम्हाला एक गोष्ट विशेष वाटली. दुसऱ्याचे घर किंवा गाडी उघडून देताना कारागिराने गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक व सही घ्यावी आणि तो कागद दोन वर्षे जपून ठेवावा. म्हणजे गिऱ्हाइकाने कारागिराला ओळखायचे, तसे कारागिरानेही गिऱ्हाइकाला ओळखायचे. इंग्लंडमध्ये मात्र सक्तीचा परवाना नाही. तेथे कारागिरांचीच संघटना सभासदांची पारख करते.

आपल्याकडेही दुरुस्तीच्या धंद्याला परवाना ही कल्पना नवी नाही. तराजू-काटे दुरुस्त करणाऱ्याला वैधमापनशास्त्र कायदा, २००९ प्रमाणे परवाना लागतो. दुरुस्त केलेल्या काट्यावर खात्याची मोहर उठल्याशिवाय तो दुकानात वापरता येत नाही, हे आमच्या व्यापारी बांधवांना सांगावयास नको. वायरमनलाही परवाना लागतो. मग किल्लीवाल्यालाच का नको, असा प्रश्न कोणी केला तर तो रास्तच आहे.

तरीही आमचे मत सक्तीच्या परवान्याच्या बाजूचे नाही. काट्याची तपासणी वजन ठेवून करता येते, माणसाच्या नियतीची तशी करता येत नाही. परवाना पोलिसांच्या हाती गेला तर दर वर्षी नूतनीकरण, चारित्र्याचा दाखला आणि त्यासाठी हेलपाटे आलेच. आमच्या जिल्ह्यातील लोकांना हजेरी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसे संशयित ठरविली, आणि तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडले. किल्लीच्या धंद्यात आपले शिकलगार बांधव आहेत, शीख शिकलगार कुटुंबे आहेत, इतर समाजांचेही कारागीर आहेत. त्यातला जो हातावर पोट घेऊन फिरतो तो परवान्यावाचून राहील, आणि दारोदार फिरणारा ठक तर परवाना काढण्याच्या भानगडीत पडणारच नाही.

पण कागदच नको, असेही आम्ही म्हणत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १२२ कारागिरांनी समजून घ्यावे. सूर्यास्तानंतर घरफोडीची हत्यारे जवळ सापडली, तर ती बाळगण्याचे योग्य कारण दाखविण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावरच असते. रात्री अकरा वाजता कोणाची गाडी उघडायला पिशवी घेऊन निघालेल्या कारागिराने काय दाखवायचे?

यावर एक सोय झालेली आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय घेतले आहेत. लोहार, सुतार, शिंपी यांच्याबरोबर कुलूप-किल्ली कारागीरही त्यात आहे. अर्जाची पडताळणी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, नंतर जिल्हा समिती आणि शेवटी छाननी समिती अशी तीन पायऱ्यांनी होते. मान्यता मिळाल्यावर प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळते. प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे असून त्या काळात रोज ५०० रुपये भत्ता मिळतो. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे. विनातारण कर्ज पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्यात २ लाख, दर ५ टक्के. ज्या बांधवांना व्याज घेणे-देणे वर्ज्य आहे त्यांनी कर्ज घेतलेच पाहिजे असे नाही. ओळखपत्र, प्रशिक्षण व हत्यारे यांचा लाभ कर्जाविनाही घेता येतो. एका कुटुंबातून एकालाच नाव नोंदविता येते. नोंदणी सामायिक सुविधा केंद्रातून होते. आधार, बँक पासबुक व मोबाइल घेऊन जाण्यापूर्वी केंद्रावर चौकशी करून घ्यावी.

हे ओळखपत्र म्हणजे परवाना नव्हे, हे लक्षात असू द्यावे. पण सरकारी पडताळणी झालेला कागद खिशात असला की बोलण्याला वजन येते. जोडीला कारागिरांनी एक साधी वही ठेवावी. तारीख, गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, फोन, काम काय केले, दर किती आणि सही. नुसती किल्ली आणून ‘अशीच दुसरी करून द्या’ म्हणणारे नेहमीचे गिऱ्हाईक असेल तर गोष्ट वेगळी. पण साबणावर किंवा मेणावर घेतलेला छाप घेऊन कोणी आला, तर दुप्पट पैसे देत असला तरी त्याला परत पाठवावे. चाळीस-पन्नास रुपयांसाठी दुसऱ्याच्या घराची अमानत विकली जाते. नगरच्या पाच-पंचवीस कारागिरांनी एकत्र येऊन दरपत्रक ठरविले आणि ते पेटीवर लावले, तर भावावरून होणारी कटकटही मिटेल.

गिऱ्हाइकांनीही थोडी काळजी घ्यावी. हाळी ऐकून अनोळखी माणसाला घरात घेण्यापेक्षा ठरावीक जागी बसणाऱ्याकडे जावे. कपाटाचे काम असेल तर काम संपेपर्यंत तेथून हलू नये. तेल मागितले तर आधी बाटली आणून ठेवावी, मग काम सुरू करावे. आणि कामाची पावती घ्यावी. पैसे देऊन घेतलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यास फी पडत नाही, आणि त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून सल्ला घेता येतो. मात्र तक्रार कोणाविरुद्ध करायची, त्याचे नाव व पत्ता तरी हवा, आणि हाळी देत निघून गेलेल्याचा तोच नसतो.