किल्ली आपल्या हाती

ठाण्याची वागळे इस्टेट आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याची पहिली वसाहत ती हीच. गावोगावची माणसे इथल्या कारखान्यांत कामाला आली. आज इथे पासपोर्ट सेवा केंद्र आहे. भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे पी.एफ.चे ऑफिसही आहे.

पण आता नुसते दारात उभे राहून काम होत नाही. आधी मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर अर्ज भरावा लागतो. मग आपण काय करतो? "भाऊ, तेवढा अर्ज भरून दे," म्हणतो आणि कोणाच्या तरी हातावर पैसे ठेवतो. तो ई-मेल स्वतःचा घालतो. पासवर्डही त्यालाच ठाऊक. घर आपले नि किल्ली दुसऱ्याच्या खिशात! पुढच्या वेळी पुन्हा त्याचेच दार, पुन्हा पैसे.

ही किल्ली आपल्याकडे कशी ठेवावी, ते आपण पाहू.

ई-मेल म्हणजे काय?

ई-मेल म्हणजे कागदावाचून पाठवलेले पत्र. त्याला तिकीट लावावे लागत नाही. ई-मेलच्या पत्त्याचे दोन भाग असतात. आधी आपले नाव, मग पत्रे सांभाळणाऱ्या कंपनीचे नाव. मधे एक खूण असते. इंग्रजी 'ए'भोवती शेपूट गुंडाळावे तशी ती दिसते. तिला 'ॲट' म्हणतात. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन इंजिनिअरने ती पत्त्यात घातली.

जीमेल हे असेच एक टपालघर. ते २००४ साली सुरू झाले. त्याला पैसे पडत नाहीत. कंपनी जाहिराती दाखवून कमाई करते.

मोबाइलवर जीमेल उघडा. विचारलेली माहिती भरा. पासवर्ड स्वतः ठरवा. आपले नाव किंवा फोन नंबर हाच पासवर्ड करू नका. पत्ता म्हणजे दारावरची पाटी. ती कोणीही वाचावी. पासवर्ड म्हणजे कुलपाची किल्ली. ती कोणाला देऊ नये.

त्याचा उपयोग काय?

पासपोर्टचा अर्ज भरताना आपलाच ई-मेल लिहा. फी भरून तारीख घ्या. मग अस्सल कागद घेऊन केंद्रावर जा. खोटी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना, ते आधी वाचा.

पी.एफ.साठी प्रत्येक कामगाराला बारा आकडी नंबर असतो. तो नंबर नि पासवर्ड घालून मोबाइलवर पासबुक पाहता येते. त्यात आपला हिस्सा आणि मालकाचा हिस्सा वेगवेगळा लिहिलेला असतो. पगारातून पैसे कापले, पण खात्यात भरले का? ते आता कोणाला विचारायला नको. महिन्याच्या महिन्याला आपणच वाचावे. भरले नसतील तर पी.एफ. ऑफिसात लेखी तक्रार करावी. वाचता येण्याचा हा केवढा फायदा!

लक्षात ठेवा

फोनवर आलेला ओटीपी कोणाला सांगू नका. साहेब म्हणून फोन आला तरी नाही. फसवणूक होऊन पैसे गेले तर लगेच १९३० या नंबरला फोन करा.

प्रश्न

१. पत्ता आणि पासवर्ड यांत फरक काय?
२. पासबुकात कोणाकोणाचे हिस्से दिसतात?
३. आपला ई-मेल उघडा आणि शेजाऱ्याला मराठीत चार ओळींचे पत्र पाठवा.