एका डोळ्याने पाहिलेला हत्ती

मागच्या महिन्यात गुरुजींनी केंद्रशाळेतून पुठ्ठ्याची पेटी आणली होती. तिसरी-चौथीने ती पाहिली. पहिली-दुसरीची मुले भितील म्हणून त्यांना दाखवली नाही, त्यांच्यासाठी आधी सांगते.

पेटीला पुढून दोन गोल भोके आहेत. भोकांत दोन बहिर्गोल भिंगे बसवली आहेत. मागच्या खाचेत मोबाइल ठेवायचा आणि पेटी डोळ्यांना लावायची. लावली की शाळा नाहीशी! आपण एकदम जंगलात. मान वर केली की आभाळ, खाली घातली की गवत, मागे वळले तरी जंगलच. समोर हत्ती उभा. मी त्याच्या सोंडेला हात लावायला गेले आणि माझा हात फळ्यावर आपटला. सगळी मुले हसली. पण नंतर त्यांनीही तेच केले.

याला आभासी वास्तव म्हणतात. आभास म्हणजे दिसते पण असत नाही. उन्हाळ्यात डांबरी सडकेवर पुढे पाणी दिसते ना, तसे.

भित्तिपत्रकाची पाळी माझी होती म्हणून गुरुजींनी शनिवारी पेटी मला घरी नेऊ दिली. काकाच्या मोबाइलवर जंगलाचा देखावा घालून दिला. घरी सगळ्यांनी बघितले. काका तर ओरडलाच. मग मी आजीला म्हटले, "आजी, तू पण बघ."

आजीला डावा डोळा नाही. आई लहान असताना लाकूड फोडताना ढलपी उडून तिच्या डोळ्यात गेली होती. आजीने पेटी धरली, इकडे-तिकडे मान फिरवली. मी विचारले, "हत्ती केवढा जवळ आलाय ना?" तर म्हणाली, "कसला जवळ? भिंतीवर कॅलेंडर लावावं तसा दिसतोय की. पर वर आभाळ झ्याक हाय."

मला वाटले, काकाचा मोबाइल बिघडला. मी परत लावून पाहिली. मला हत्ती जवळच दिसला.

सोमवारी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "आधी एक प्रयोग करून बघ, मग बोलू." तुम्ही पण करा. दोन हातांत दोन पेन्सिली आडव्या धरा, टोके समोरासमोर. एक डोळा मिटा आणि टोकाला टोक लावा. मी दहा वेळा केले, सहा वेळा चुकले. दोन्ही डोळे उघडून केले तर एकदाही नाही.

याचे कारण असे. आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटीमीटर अंतर असते. म्हणून दोघांना थोडे वेगवेगळे दिसते. अंगठा नाकासमोर धरून एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटा. अंगठा उड्या मारतो! मेंदू ही दोन चित्रे एकत्र करतो आणि कोणती वस्तू जवळ, कोणती लांब हे ठरवतो. पेटीतल्या मोबाइलवर खरे तर दोन चित्रे असतात, एकेका डोळ्यासाठी एकेक. मोबाइल नाकाशी इतका जवळ असून स्पष्ट दिसतो तो भिंगांमुळे.

ही युक्ती आजची नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीटस्टन नावाच्या शास्त्रज्ञाने ती १८३८ मध्ये दाखवली. फोटो तेव्हा लोकांपर्यंत आले नव्हते. म्हणून त्याने रेघांची दोन चित्रे हाताने काढली आणि दोन आरसे असे ठेवले की प्रत्येक डोळ्याला आपापले चित्र दिसावे. रेघा कागदातून उठून उभ्या राहिल्या. १८४९ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी आरशांऐवजी भिंगे लावून छोटी पेटी केली. आपली पेटी तिचीच पणती म्हणायची.

म्हणजे आजीला एकच चित्र मिळाले. त्यामुळे हत्ती चपटा झाला.

हे समजले तेव्हा मला वाईट वाटले. कारण आजी चहा ओतताना कधी कधी कपाच्या बाहेर ओतते. मी आणि माझा भाऊ हसायचो. दिवाळीत तिने पणतीच्या बाजूला तेल ओतले तेव्हा तर मी तिची नक्कल केली होती.

पण एक कोडे राहिले. आजी सुईत दोरा ओवते. ओढ्यातल्या दगडांवरून पाय देत पलीकडे जाते. एका डोळ्याने हे कसे जमते? मी दोन दिवस तिच्याकडे लक्ष ठेवले. तेव्हा दिसले की ओढ्यात पाय टाकण्याआधी ती मान जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे करते. मी विचारले तर म्हणाली, "मला काय ठावं बाय, सवयच लागली."

गुरुजींनी ऐकून टाळीच दिली. म्हणाले, "एसटीच्या खिडकीतून बघतेस ना? जवळची झाडे भर्रकन मागे पळतात, लांबचा डोंगर हळू सरकतो. आपण हललो की जवळचे जास्त सरकते, लांबचे कमी. आजीचा एक डोळा त्यावरून अंतर मोजतो." नाकतोडासुद्धा उडी मारण्याआधी असाच डुलतो. मी बांधावर बघितले आहे, पण तो नाचतोय असे मला वाटायचे.

मग मी घरी पळत गेले. आजीला पेटी लावली आणि सांगितले, "आता मान फिरवू नको, ओढ्यावर करतेस तशी बाजूला सरक." ती सरकली. पुन्हा सरकली. म्हणाली, "नाय गं. म्या सरकले की हत्ती बी माझ्यासंगं सरकतोय."

आजीचे बरोबर होते! मी स्वतः करून पाहिले. झाडाच्या मागे काय आहे ते बघायला वाकले तर झाडही वाकले. मोबाइलमध्ये मान किती वळली हे ओळखणारा भाग असतो. पण आपण वीतभर बाजूला सरकलो तर आपल्या पेटीला पत्ता लागत नाही. हे आमच्या वर्गात कोणाच्या लक्षात आले नव्हते. आम्ही सगळे दोन डोळेवाले.

गंमत म्हणजे फार जुन्या यंत्राला हे जमत होते. १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर घालायचे यंत्र केले. दोन डोळ्यांसमोर दोन बारक्या काचेच्या नळ्या, टीव्हीसारख्या. यंत्र छताला टांगलेल्या दांड्याला जोडलेले होते. डोके किती वळले आणि किती सरकले हे दोन्ही त्या दांड्यावरून संगणकाला कळायचे. दिसायचा काय, तर नुसत्या रेघांचा ठोकळा, हवेत तरंगणारा. हत्तीबित्ती काही नाही. पण माणूस बाजूला सरकला की ठोकळ्याची दुसरी बाजू दिसायची. सदरलंड यांनी लिहून ठेवले आहे की दोन डोळ्यांना वेगळी चित्रे दाखवणे महत्त्वाचे आहे, पण डोके हलले की चित्र बदलणे त्याहून महत्त्वाचे आहे. गुरुजींनी हे वाचून दाखवले तेव्हा मला वाटले, त्यांना पण अशीच आजी असेल का?

आता महाग यंत्रांत बाहेरून कॅमेरे असतात. ते खोलीकडे बघत राहतात, म्हणून आपण कुठे सरकलो ते यंत्राला कळते. चांगल्या यंत्रात दर सेकंदाला ९० चित्रे बदलतात. चित्र जरा उशिरा आले तर पोटात ढवळते. शाळेत दोघांना गरगरले होते ते आठवा. त्यात डोळे म्हणतात आपण हललो आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो नाही हललो, असेही होते.

अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोकांनी भाजलेल्या रोग्यांसाठी बर्फाचा देखावा केला आहे. जखमेची पट्टी बदलताना रोगी त्यात बर्फाचे गोळे फेकतो आणि दुखणे कमी जाणवते. मला चुलीचा चटका बसला तेव्हा आई फुंकर मारत चिमण्या दाखवत होती, ते तसलेच.

कॅमेरेवाले यंत्र आपल्या शाळेत नाही. गुरुजी म्हणाले, विज्ञान प्रदर्शनात ते आले तर आजीला घेऊन जाऊ. आजीला सांगितले तर ती म्हणाली, "हत्ती बघितला. त्यात पंढरपूर दिसतंय का ते इचार तुझ्या गुरुजींना."

पेटी येत्या शनिवारी परत द्यायची आहे. ज्यांनी अजून एक डोळा मिटून पाहिली नसेल त्यांनी मधल्या सुट्टीत माझ्याकडे यावे. रांग लावावी.

— इयत्ता चौथी