बाहुली बारीक झाली म्हणजे डोळा बिघडला?

प्रश्न : चाकणच्या कारखान्यात पेंट तपासतो. पांढऱ्या एलईडीखाली बाहुल्या अगदी बारीक होतात. सेकंड शिफ्ट सुटल्यावर तळेगाव रस्त्यावर थोडा वेळ नीट दिसत नाही. जुन्या पिवळ्या दिव्यांत असं नव्हतं. डोळे बिघडले का?
— एक वाचक, चाकण

उत्तर : बाहुली बारीक होणं हे बिघाडाचं नव्हे, डोळा काम करतोय याचं लक्षण आहे. तुमचं निरीक्षण मात्र बरोबर आहे. दृष्टिपटलातल्या काही पेशी सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाला विशेष प्रतिसाद देतात. म्हणून तेवढ्याच प्रखरतेचा निळसर पांढरा उजेड बाहुली पिवळ्यापेक्षा जास्त आणि जास्त वेळ आकसून ठेवतो. पण रस्त्यावरचा दोष तिच्या माथी मारू नका. बाहुलीचा व्यास साधारण २ ते ८ मिलिमीटरच्या दरम्यान बदलतो, म्हणजे आत जाणारा प्रकाश फार तर सोळापट कमी-जास्त होतो. अंधाराला सरावण्याचं खरं काम दृष्टिपटलाचं, आणि त्याला २०-३० मिनिटं लागतात.

मग दिवे पिवळे करावेत? रंग तपासायला पांढरा उजेडच हवा. चकाकी टाळायला दिव्यांचा कोन बदलून घ्या. सुटल्यावर थोडं थांबून गाडी काढा. रात्री पिवळा चष्मा नको, तो आहे तो उजेडही कमी करतो. कारखान्यात कुठे वेल्डिंग चालू असेल, तर त्याच्या झगझगाटाकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका. तिथली अतिनील किरणं बाहुली अडवत नाही. त्रास रोजचाच असेल तर नेत्रतपासणी करा. एकच बाहुली अचानक मोठी झाली, सोबत डोकेदुखी किंवा पापणी उतरलेली असेल, तर लगेच रुग्णालय गाठा.